पत्र्यातली घराणी

माझ्या मामाचे ग्रँट रोड स्टेशनच्या मागच्या बाजूला डेंटिंग-पेंटिंगचे एक छोटे गॅरेज होते. शाळेच्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसत असे. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. रस्त्यावर तेव्हा मुख्यतः तीनच गाड्या दिसत : अॅम्बेसेडर, फियाट आणि अधूनमधून स्टँडर्ड हेरल्ड. ठोकर बसलेली गाडी आली की मामा आधी हातोडीला हात लावत नसे. डोळे मिटून तो पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि मग कुठे, किती काम आहे ते सांगायचा. अॅम्बेसेडरचे काम तो कारागीर पोरांवर सोपवी, फियाटचे मात्र स्वतः करी. मी एकदा कारण विचारले. मामा रत्नागिरीकडचा, त्याचे उत्तरही तिकडचेच होते : "अॅम्बेसेडर म्हणजे भाकरी. इथं जाड, तिथं पातळ झाली तरी खपते. फियाट म्हणजे उकडीचा मोदक. एक कळी चुकली की सगळा मोदक वाकडा दिसतो."

दारांवरून मागच्या छोट्या पंखापर्यंत गेलेली एक कड त्याने मला बोटाने दाखवली होती. ती कड मोडली तर गाडीची पूर्ण बाजू मोडल्यासारखी दिसते, एवढेच त्याचे म्हणणे. पुढे अनेक वर्षे मोटारींच्या इतिहासाची पुस्तके आणि जुनी छायाचित्रे चाळताना मामाचे ते वाक्य माझ्या मागे लागून राहिले. इटालियन मोटारींच्या रूपाची मोहिनी अमेरिकी, ब्रिटिश, जर्मन गाड्यांच्या तुलनेत इतकी का टिकली, हा प्रश्न जगभर विचारला जातो. त्याचे नेहमीचे उत्तर असे, की इटालियन माणूस रसिक, त्याच्या रक्तातच सौंदर्य. मला हे उत्तर कधी पटले नाही. रक्तातून मोटारी तयार होत नाहीत. त्या कुठल्यातरी शहरात, कुणाच्या तरी हातांनी, कुठल्यातरी अडचणीतून वाट काढत तयार होतात. ते शहर, ते हात आणि त्या अडचणी शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

संग्रहालयातली मोटार

१९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मोटारींच्या रूपाचा कला म्हणून विचार करणारे एक प्रदर्शन भरवले. आठच गाड्या निवडल्या होत्या. त्यांत मर्सिडीज, बेंटली, लिंकन, कॉर्ड अशी वजनदार नावे होती, युद्धात नाव कमावलेली जीपही होती. इटलीची गाडी एकच, आणि तीही आकाराने लहान : चिझितालिया २०२. तिचे रूप बात्तिस्ता फरिना या तुरीनच्या कारागिराच्या कार्यशाळेत घडलेले होते. पुढे १९७२ मध्ये याच प्रकारची एक गाडी संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात दाखल झाली.

चिझितालियाचे छायाचित्र प्रथम पाहणाऱ्याला तिच्यात विशेष काय हे चटकन कळत नाही, कारण तिच्यानंतरच्या असंख्य गाड्या तिच्यासारख्या दिसतात. तिच्याआधीची मोटार म्हणजे जोडकाम असे. बॉनेट वेगळे, चाकांवरची मडगार्डे वेगळी, दिवे वेगळे बसवलेले. चिझितालियात हे सारे एकाच कातडीखाली आले. दिवे मडगार्डात विरघळले, मडगार्ड दारात, दार मागच्या उतारात. बॉनेट मडगार्डांपेक्षा खाली गेले. क्रोमची पट्टी लावून डोळा वेधण्याचा खटाटोप नाही. उजेड पत्र्यावरून सरकतो, तोच तिचा दागिना.

या गाडीचे इंजिन फियाट ११०० या साध्या कौटुंबिक गाडीवरून घेतलेले होते, १०८९ सीसीचे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडून पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली गाडी याच ११००च्या वंशातली आणि तिचे इंजिनही १०८९ सीसीचेच. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातली कलाकृती आणि मामाच्या गॅरेजात पोचे काढायला आलेली काळीपिवळी टॅक्सी एकाच कुळातल्या निघाव्यात, हे कळले त्या दिवशी मी मनाशी हसलो होतो.

तुरीनचे पत्रे ठोकणारे

उत्तर इटलीतले तुरीन हे साव्हॉय राजघराण्याचे शहर. १८६१ ते १८६५ ही चार वर्षे ते नव्या इटलीची राजधानी होते. राजधानी गेली, पण दरबारासाठी घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिरांची परंपरा राहिली. १८९९ मध्ये तिथे फियाट आणि १९०६ मध्ये लान्चा सुरू झाली, तेव्हा घोडागाड्यांची जागा हळूहळू मोटारींनी घेतली. त्या काळी गिऱ्हाईक कारखान्यातून चाके, सांगाडा आणि इंजिन एवढेच विकत घेई आणि वरचा देह आपल्या पसंतीच्या कार्यशाळेकडून घडवून घेई. अशा कार्यशाळेला 'कारोझेरिया' म्हणत.

तिथल्या कामाची रीत समजून घेतली की बऱ्याच गोष्टी उलगडतात. आधी पूर्ण आकाराचे चित्र, मग त्यावरून लाकडी साचा. पत्रा ठोकणारा कारागीर, म्हणजे 'बात्तिलास्त्रा', सपाट पत्रा हातोडीने फुगवी, दाबी आणि पुन्हापुन्हा साच्यावर धरून पाही. पुण्याच्या तांबट आळीत भांडे मठारणारा कारागीर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे काम अनोळखी वाटणार नाही. मठारण्याने तांब्याला नुसती झळाळी येत नाही, धातू कठीणही होतो. तसेच पत्र्याचे आहे. योग्य वळण दिलेला पातळ पत्रा आपल्या वळणामुळेच ताठ उभा राहतो, सपाट पत्रा थरथरतो. म्हणजे वळण हा अलंकार राहत नाही, ते वजन वाचवण्याचे साधन होते.

वजन वाचवणे इटलीत निकडीचेच होते. पेट्रोल महाग, मोठ्या इंजिनावर कर जबर, त्यामुळे इंजिने लहान. लहान इंजिनाच्या गाडीला वेग हवा तर ती हलकी आणि वाऱ्यातून सहज निसटणारी हवी. मिलानच्या तूरिंग कार्यशाळेने तीसच्या दशकात बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा अशी पद्धत काढली. तिचे नावच 'सुपरलेज्जेरा', म्हणजे अतिहलकी. इटालियन गाडीच्या अंगावर फालतू काही दिसत नाही याचे एक कारण असे पैशाच्या आणि पत्र्याच्या काटकसरीत आहे. कोकणातल्या घरात जागा नाही म्हणून एकही वस्तू जास्तीची नसते आणि म्हणूनच घर देखणे दिसते, तसा हा प्रकार.

डेट्रॉइटचे पंचांग

याच काळात अमेरिकेत मोटारीच्या रूपाचा विचार अगदी वेगळ्या वाटेने चालला होता. १९२७ साली जनरल मोटर्सने 'आर्ट अँड कलर' नावाचा विभाग काढला आणि हार्ली अर्ल याला त्याचा प्रमुख केले. कंपनीचे धोरण असे, की दरवर्षी गाडीचे रूप थोडे बदलायचे, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी गिऱ्हाइकाला जुनाट वाटू लागेल आणि तो नवी घेईल. अर्ल सामान्य माणूस नव्हता. मातीचे पूर्ण आकाराचे नमुने करून रूप ठरवण्याची पद्धत त्याने रुजवली, ती आजही जगभर चालते. पण त्याचा मालक पंचांग होता. १९४८च्या कॅडिलॅकला लढाऊ विमानावरून सुचलेले लहानसे पंख आले, दरवर्षी ते वाढत गेले आणि १९५९च्या कॅडिलॅकवर त्यांनी कळस गाठला. त्यानंतर ते उतरणीला लागले. जे रूप पुढच्या वर्षी जुने दिसावे म्हणूनच घडवले होते ते जुने दिसू लागले, यात त्याचे अपयश नाही. ते ठरवल्याप्रमाणेच घडले.

इटालियनांनी पंख लावलेच नाहीत असे मात्र नाही. बेर्तोने कार्यशाळेतल्या फ्रांको स्कालिओने याने १९५३ ते १९५५ या काळात अल्फा रोमिओसाठी 'बात' नावाच्या तीन प्रयोगशील गाड्या केल्या. त्यांचे पंख कॅडिलॅकपेक्षाही विलक्षण, आत वळलेले. पण ते वाऱ्याला वळण लावण्यासाठी होते. त्यांतल्या दुसऱ्या गाडीचा वाऱ्याला होणारा अडथळा ०.१९ या गुणांकाइतका कमी सांगितला जातो, आजच्या बहुतेक गाड्यांनाही तो साधत नाही. आणि आपल्या पद्मिनीच्या मागच्या बाजूला जे दोन नम्र पंख होते, ती अमेरिकी फॅशनचीच उसनवारी होती. फियाटने ती घेतली, पण आवाज इतका खाली आणला की ती बाजूच्या कडेचा शेवट वाटावी. पद्मिनीचे रूप कुणा नामांकित कारोझेरियाचेही नव्हते. ११००ची ही मालिका फियाटच्या आतच, दांते जाकोझा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली घडली. कार्यशाळांतली नजर शहरभर पसरून साध्या संसारी गाडीपर्यंत पोचली होती, याचा मला तो पुरावा वाटतो.

कुर्ल्याचा कारखानाच या तुलनेचा साक्षीदार आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली ती क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या हातात हात घालून. डॉज, प्लिमथ या गाड्या तिथे आधी जोडल्या गेल्या. फियाट नंतर आली आणि तीच मुंबईची झाली. अर्थात याला परवाना-पद्धत आणि पेट्रोलचा भाव ही कारणे होतीच, निव्वळ रूपावर कुणी टॅक्सी घेत नाही.

घराणी

तुरीनच्या कार्यशाळांचा इतिहास वाचताना मला सतत आपल्या गायकीच्या घराण्यांची आठवण येते. काही मैलांच्या परिसरात राहणारे, एकमेकांचे ऐकणारे, एकमेकांवर कुरघोडी करणारे गुरू, आणि या घरातून त्या घरात जाणारे शिष्य.

पहिले घराणे पिनिन फरिना यांचे. बात्तिस्ता धाकटा म्हणून पिएमाँतच्या बोलीत 'पिनिन'. १९३० मध्ये त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने टोपणनाव आणि आडनाव जोडून त्यांचे अधिकृत आडनाव 'पिनिनफरिना' झाले. युद्धानंतर १९४६ च्या पॅरिस प्रदर्शनात पराभूत इटलीला जागा नव्हती. पिनिन यांनी आपल्या दोन गाड्या तुरीनहून चालवत नेल्या आणि प्रदर्शनाच्या दाराबाहेर उभ्या केल्या, आत जाणारे लोक तिथेच थांबू लागले, अशी हकीकत सांगतात. १९५१ मध्ये एंझो फेरारी यांच्याशी बोलणी करायची तर कोणी कोणाकडे जायचे हा मानापमानाचा प्रश्न उभा राहिला. शेवटी दोघे तोर्तोना नावाच्या मधल्या गावी भेटले. त्या भेटीनंतर सुमारे सहा दशके फेरारीच्या रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांचे रूप याच घराण्यातून आले. यांची गायकी संथ आलापीची. रेषा कमी, आणि प्रत्येक रेषा शेवटपर्यंत निभावलेली.

दुसरे घराणे नुच्चिओ बेर्तोने यांचे. नुच्चिओंची खरी विद्या माणूस ओळखण्याची. जोर्जेत्तो जुजारो आणि मार्चेल्लो गांदिनी हे दोघेही त्यांच्याकडे घडले. दोघांचा जन्म १९३८च्या ऑगस्टमधला. जुजारोच्या घरात चर्चच्या भिंतींवर चित्रे काढण्याची परंपरा होती. सतराव्या वर्षी तो फियाटमध्ये लागला, तिथून बेर्तोनेकडे आला. १९६५ मध्ये त्याने बेर्तोने सोडले आणि त्या जागी गांदिनी आला. पुढच्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनी मिउरा प्रकटली, आणि तिच्यात कोणाचा हात किती यावर पुढे अनेक वर्षे वाद होत राहिला. आज श्रेय गांदिनीला दिले जाते. बंदिश कोणाची यावरून आपल्याकडे होणारे वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे नवीन नाही. १९७१ मध्ये गांदिनीने त्याच लॅम्बोर्गिनीसाठी पाचरीसारखी गाडी केली. तिचे नाव 'कुंताश' हा पिएमाँतच्या बोलीतला उद्गार, आपल्या 'अबब!'च्या जवळचा. पाच वर्षांत तोच माणूस मिउराच्या गोलाईवरून कुंताशच्या धारेवर गेला.

पंचांगाने बांधलेल्या मोठ्या कंपनीत ही उडी सहजी शक्य नव्हती. तिथे रूपाला समितीतून जावे लागे. तुरीनमध्ये चित्र काढणारा, लाकूड तासणारा आणि पत्रा ठोकणारा एकाच छपराखाली असत. सकाळी काढलेली रेषा पत्र्यात जमत नसेल तर ते लगेच कळे. माझ्या मते या मोहिनीचे मर्म इथे आहे. पत्रा ज्या रेषेला नाही म्हणतो, ती रेषा तिथे टिकत नसे.

प्रतिस्पर्धी कोण?

प्रतिस्पर्ध्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. १९६१ची जॅग्वार ई-टाइप कुठल्याही इटालियन गाडीशेजारी मान ताठ ठेवून उभी राहते. तिचा कर्ता माल्कम सेयर हा वायुगतिशास्त्राचा जाणकार, गणिताने वळणे काढणारा. १९६३ मध्ये लोकांसमोर आलेल्या पोर्शे ९११चे रूप जर्मनांनी साठ वर्षे हळूहळू सुधारत जपले, हा टिकाऊपणाचा वेगळाच आदर्श आहे. फ्रेंचांची १९५५ची सित्रोएन डीएस तर आजही भविष्यातून आल्यासारखी दिसते. मात्र डीएसचे रूप घडवणारा शिल्पकार फ्लामिनिओ बेर्तोनी इटलीतल्या वारेझेचा होता. मर्सिडीजच्या रूपाची धुरा १९७५ पासून जवळपास पाव शतक सांभाळणारा ब्रुनो साक्को उदीनेचा.

इथे तुलनाच डळमळू लागते. तुरीनच्या कार्यशाळा स्वतंत्र होत्या, आपली विद्या त्या मागेल त्याला विकत. प्यूजो ४०४ फ्रेंच, ऑस्टिन केंब्रिज ब्रिटिश, पण दोन्हींचे रूप पिनिन फरिनांचे, आणि ते इतके सारखे की एकच चीज दोन मैफलींत गायल्याचा आरोप करता येतो. फोक्सवॅगनची कारमान घिया तुरीनच्या घियाची. बीएमडब्ल्यू ७०० ज्योव्हान्नी मिकेलोत्ती यांची. ब्रिटनची ट्रायम्फ हेरल्डही त्यांचीच, आणि मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड म्हणून तयार होणारी तीच. म्हणजे मामाच्या गॅरेजात येणाऱ्या तीन गाड्यांपैकी दोन तुरीनच्या नजरेतून उतरलेल्या होत्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अॅम्बेसेडर तेवढी अस्सल ब्रिटिश.

१९६८ मध्ये जुजारोने स्वतःची इटालडिझाइन ही संस्था सहकाऱ्यासोबत काढली आणि रूपाबरोबर उत्पादनाची आखणीही विकायला सुरुवात केली. जर्मनीची १९७४ची गोल्फ त्याची. कोरियाची पहिली स्वतःची मोटार ह्युंदाई पोनी त्याची, आणि ती प्रथम दाखवली गेली तीही तुरीनच्याच प्रदर्शनात. १९८०च्या फियाट पांडाला त्याने सपाट काचा आणि झोळीसारख्या बैठका दिल्या आणि तिची तुलना जीन्स पँटशी केली. आपल्याकडे नव्वदच्या दशकाअखेर आलेली चिमुकली देवू मॅटिझ मुळात त्याने फियाटसाठी केलेल्या प्रस्तावातून आली. फियाटने नाकारलेले रूप कोरियामार्गे भारतात आले.

गंज

मोहिनीचा हिशेब मांडताना दुसरी बाजू लपवू नये. सत्तरच्या दशकातल्या कित्येक इटालियन गाड्यांचा तोच सुंदर पत्रा गंजाने खाल्ला. ब्रिटनमध्ये १९८० साली लान्चाला आपल्या गंजलेल्या बीटा गाड्या गिऱ्हाइकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. कुंताशमधून मागचे दिसत नसे. आणखी एक गोष्ट : आपण आठवतो त्या निवडक गाड्या. सामान्य, विस्मरणात गेलेल्या इटालियन गाड्याही होत्याच. जुन्या गाण्यांबद्दल बोलताना आपण वाईट गाणी विसरलेलो असतो, तोच दोष इथेही लागू पडतो.

तरीही उरते ते पुरेसे आहे. फक्त ते ज्या व्यवस्थेतून आले ती व्यवस्था आता उरलेली नाही. सांगाडा आणि देह एकच असलेल्या गाड्या आल्या तेव्हाच स्वतंत्र देह घडवणाऱ्यांचा पाया खचला होता. मग कंपन्यांनी आपापले रूपविभाग उभारले. संगणकाने लाकडी साच्याची जागा घेतली. २०१० मध्ये इटालडिझाइन फोक्सवॅगनकडे गेली. २०१४ मध्ये बेर्तोने दिवाळखोरीत निघाली. डिसेंबर २०१५ मध्ये पिनिनफरिना घेण्याचा करार केला तो मुंबईच्या महिंद्र समूहाने. त्याआधी १९९८ मध्ये पुण्याच्या टाटांनी आपल्या इंडिकाचे रूप तुरीनच्याच 'आयडिया' या संस्थेच्या मदतीने ठरवले होते. एकेकाळी आपण तुरीनची जुनी गाडी परवान्यावर बनवत होतो. आता एक घराणेच आपल्या दारी आले. याचा अभिमान वाटतो, पण कंपनीच्या खात्यात कार्यशाळा जमा करता येते, पत्र्यावरून फिरणारा तळहात जमा करता येतो की नाही, याची मला खात्री नाही. तो एका हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जातो, आणि मध्ये एक पिढी चुकली तर थांबतो.

मामाचे गॅरेज त्याच्यानंतर बंद झाले. त्याच्या मुलाने ते चालवले नाही, मी तर नाहीच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. ती बातमी वाचली त्या आठवड्यात मला ताडदेवला रस्त्याकडेला एक पद्मिनी उभी दिसली, खासगी, पांढरी, धुळीने माखलेली. आसपास कोणी नाही असे पाहून मी डोळे मिटले आणि मागच्या पंखापासून पुढच्या दारापर्यंत तळहात फिरवला. मधे एका जागी कड किंचित बसली होती, कुणीतरी घाईत काम उरकले होते. डोळे उघडून पाहिले तर तिथे काहीच दिसत नव्हते.